टेलीफोटो लेन्ससाठी टेलीकन्व्हर्टर निवडताना: सोलापूरच्या माळरानावरील छायाचित्रकारांसाठी

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात पहाटे पोहोचलेल्या छायाचित्रकाराला समोरच्या पक्ष्यापासूनचे अंतर स्वतःच्या मर्जीने कमी करता येत नाही. ठरलेली वाट सोडून गवतात उतरू नये, काळविटांचा कळप उठवू नये, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या आसपास फिरकू नये, ही माळरानाची शिस्त आहे, आणि ती मोडून मिळवलेल्या छायाचित्राला माझ्या लेखी काहीही मोल नाही. हिवाळ्यात आपल्याकडे येणारा भोवत्या हा शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांवरून तरंगत जातो तेव्हा तो बहुधा पन्नास-साठ मीटर दूर असतो, आणि हातात ४०० मिलिमीटरची लेन्स असली तरी छायाचित्रात तो अगदी लहान दिसतो. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांचा थवा आत उथळ पाण्यात उभा असला, की हीच अडचण येते. अशा एखाद्या सकाळनंतर टेलीकन्व्हर्टर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता, हा प्रश्न मनात येतो. त्याचे उत्तर लेन्सपासून शोधायला सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. बहुतेकांच्या बाबतीत कन्व्हर्टर आधी विकत घेतला जातो आणि लेन्सचा विचार मागाहून होतो. पैसे वाया जातात ते तिथे.

कन्व्हर्टर नेमके काय करतो

टेलीकन्व्हर्टर म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याची बॉडी यांच्यामध्ये बसणारा भिंगांचा एक छोटा संच. लेन्सने तयार केलेल्या प्रतिमेचा मधला भाग तो मोठा करून सेन्सरवर पसरवतो. १.४ पटीच्या कन्व्हर्टरने ३०० मिलिमीटरची लेन्स ४२० मिलिमीटरची होते आणि दुपटीच्या कन्व्हर्टरने ६०० मिलिमीटरची होते. मात्र लेन्समध्ये शिरणारा प्रकाश तेवढाच राहतो आणि तो आता अधिक जागेवर पसरतो. लांबी १.४ पट झाली की क्षेत्रफळ जवळपास दुप्पट होते, म्हणून प्रकाश निम्मा, म्हणजे एक स्टॉप, कमी होतो. लांबी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होते आणि दोन स्टॉप प्रकाश जातो. त्यामुळे एफ/४ची लेन्स (एफ/ पुढचा आकडा जितका मोठा, तितका सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश कमी) १.४ पटीच्या कन्व्हर्टरसह एफ/५.६ची होते आणि दुपटीच्या कन्व्हर्टरसह एफ/८ची होते. हे गणित सर्व कंपन्यांच्या सर्व कन्व्हर्टरना सारखेच लागू आहे आणि कितीही महागडे भिंग वापरले तरी त्यातून सुटका नाही.

मूळ लेन्समधील दोषही याच प्रमाणात मोठे होतात. कडांवरील जांभळी-हिरवी झाक, किंचित मऊपणा, फोकसमधील बारीकशी चूक, हे सारे १.४ किंवा २ पटींनी वाढून दिसते. कन्व्हर्टर नवा तपशील निर्माण करत नाही. लेन्सने जो तपशील पकडला आहे, तो अधिक पिक्सेलवर मांडण्याचे काम तो करतो, आणि लेन्सकडे तेवढा तपशील शिल्लक असेल तरच त्याचा उपयोग होतो.

त्याचा एक गुण मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. लेन्सचे किमान फोकस-अंतर कन्व्हर्टर लावल्यावरही तेच राहते, त्यामुळे तितक्याच जवळून विषय १.४ किंवा २ पट मोठा टिपता येतो. संभाजी तलावाच्या काठावर चतुर आणि फुलपाखरे टिपणाऱ्याला ३०० मिलिमीटर एफ/४ लेन्सवरचा १.४ पटीचा कन्व्हर्टर फार उपयोगी पडतो, कारण चतुराला न उडवता दीड-दोन मीटरवरून त्याच्या पंखांच्या शिरा स्पष्ट येतात.

किती फरक पडतो, याचा हिशेब

निर्णय घेण्यापूर्वी स्वतःच्या विषयाचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. भोवत्याची लांबी साधारण ४५ सेंटिमीटर धरली आणि तो ६० मीटरवर असला, तर ४०० मिलिमीटरच्या लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा ३ मिलिमीटर लांबीची पडते. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान आकाराच्या) सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिलिमीटर असते आणि त्यावर आडवे ६,००० पिक्सेल असतात. म्हणजे पक्षी सुमारे ७७० पिक्सेल लांब येतो. १.४ पटीच्या कन्व्हर्टरने ही लांबी १,०७० पिक्सेलच्या आसपास जाते आणि दुपटीच्या कन्व्हर्टरने १,५३० पर्यंत. आता हेच अंतर ६० ऐवजी ३० मीटर झाले, तर कोणत्याही कन्व्हर्टरशिवाय १,५३० पिक्सेल मिळतात, आणि तेही एक थेंबभर प्रकाश न गमावता. म्हणूनच गाडीत शांतपणे बसून पक्षी आपणहून जवळ येण्याची वाट पाहणे हा मला आजही पहिला उपाय वाटतो; कन्व्हर्टर त्यानंतर येतो.

छायाचित्र नंतर संगणकावर कापून मोठे करणे हाही पर्याय आहेच. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र १.४ पट कापले तर १२ मेगापिक्सेल उरतात आणि दुप्पट कापले तर ६. मोबाइलवर पाहण्यासाठी किंवा लहान छपाईसाठी १२ मेगापिक्सेल पुष्कळ होतात. याचा अर्थ असा की १.४ पटीचा कन्व्हर्टर कापलेल्या छायाचित्रापेक्षा स्पष्टपणे चांगला निकाल देत असेल, तरच त्यावर पैसे घालावेत.

आधी लेन्स, मग कन्व्हर्टर

ज्या लेन्सचे अपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, मुळात मोठे आहे आणि जी उघड्या अपर्चरवरही तीक्ष्ण आहे, तीच कन्व्हर्टरला खरा न्याय देते. ३०० मिलिमीटर एफ/२.८, ४०० मिलिमीटर एफ/२.८, ५०० आणि ६०० मिलिमीटर एफ/४ या लेन्स तशा असतात. त्या वापरणारे दुपटीचा कन्व्हर्टरही विश्वासाने लावतात. सर्वसामान्य छायाचित्रकाराच्या आवाक्यातील लेन्सपैकी ७०-२०० एफ/२.८ आणि ३०० एफ/४ या लेन्स १.४ पटीसह उत्तम चालतात. ७०-२०० एफ/२.८ ही १.४ पटीसह ९८-२८० एफ/४ होते आणि दुपटीसह १४०-४०० एफ/५.६ होते, ही दुसरी जोडणी एका लेन्समधून दोन लेन्सचे काम करते, पण उघड्या अपर्चरवर थोडी मऊ पडते आणि एफ/८वर आणल्यावर सुधारते. १००-४०० एफ/४.५-५.६ ही १.४ पटीसह लांब टोकाला ५६० मिलिमीटर एफ/८ होते, आणि आपल्या भागातील स्वच्छ सकाळच्या उन्हात ही जोडणी पुरेशी काम देते. दुपटीसह तीच लेन्स ८०० मिलिमीटर एफ/११ होते. उडणाऱ्या पक्ष्यांसाठी ती जोडणी विकत घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन.

१५०-६०० किंवा २००-६०० अशा लांब झूम लेन्सचा प्रश्न अधिक नाजूक आहे. त्यांचे लांब टोक एफ/६.३ असते आणि १.४ पटीसह ते ८४० मिलिमीटर एफ/९ होते. बॉडीने साथ दिली तर ही जोडणी बसलेल्या पक्ष्यासाठी चालते, पण ६०० मिलिमीटरनंतर बहुतेक वेळा हवाच आडवी येते. त्याविषयी पुढे लिहिले आहे. नव्या कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या ५५-२५० किंवा ७०-३०० प्रकारच्या किट लेन्सचा विचार करत असाल, तर कन्व्हर्टरचा विषय इथेच थांबवावा. त्यांतल्या बहुतेकांवर कंपनीचे स्वतःचे कन्व्हर्टर बसतच नाहीत, आणि ते पैसे लांब लेन्ससाठी बाजूला ठेवणे हेच शहाणपणाचे आहे.

ऑनलाइन बाजारात लेन्सच्या पुढच्या बाजूला, फिल्टरच्या आट्यांवर फिरवून बसवायचे ‘टेलीफोटो कन्व्हर्टर’ अत्यंत स्वस्तात मिळतात. ती पूर्णपणे वेगळी वस्तू आहे. त्या प्रकारातील मी पाहिलेल्या सर्व वस्तूंनी मधला भाग धूसर आणि कडा वाहून गेलेल्या दिल्या.

बॉडीचा फोकस कुठपर्यंत साथ देतो

आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस विशिष्ट अपर्चरपर्यंतच खात्रीने काम करतो. जुन्या आणि साध्या बॉडींमध्ये ही मर्यादा एफ/५.६ असते. काही वरच्या दर्जाच्या बॉडी एफ/८पर्यंत जातात, पण तेव्हा वापरता येणारे फोकसबिंदू फार कमी असतात: निकॉन डी७२०० किंवा कॅनन ७डी मार्क टू यांमध्ये एफ/८ला फक्त मधला बिंदू चालतो, तर निकॉन डी५००मध्ये एफ/८ला १५ बिंदू चालतात आणि त्यांपैकी ९ निवडता येतात. म्हणजे निकॉनची २००-५०० एफ/५.६ लेन्स १.४ पटीच्या टीसी-१४ई थ्रीसह ७०० मिलिमीटर एफ/८ होते, ती डी५००वर बऱ्यापैकी चालते आणि एफ/५.६ची मर्यादा असलेल्या बॉडीवर अडखळते.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः एफ/५.६च्या लेन्सला दुपटीचा कन्व्हर्टर लावून नान्नजला गेलो होतो. त्या सकाळी भोवत्या तीनदा समोरून गेला आणि तिन्ही वेळा फोकस मागे-पुढे फिरत राहिला. परतताना कार्डात वापरण्याजोगे एकही छायाचित्र नव्हते. त्या साहित्यात कोणताही बिघाड नव्हता. एफ/५.६च्या मर्यादेच्या बॉडीकडून मी एफ/११ला फोकसची अपेक्षा केली होती, आणि हे मी घरीच माहितीपुस्तिकेत वाचू शकलो असतो.

मिररलेस कॅमेऱ्यांनी ही अडचण पुष्कळच कमी केली आहे, कारण फोकसचे मापन थेट सेन्सरवर होते. कॅनन आर५ आणि आर६ यांसारख्या बॉडी एफ/२२पर्यंतच्या लेन्स-कन्व्हर्टर जोडणीवर फोकस करतात. तरीही प्रकाश कमी झाला की फोकसचा वेग मंदावतो, आणि हे कोणत्याही बॉडीवर जाणवते. कॅननच्या ईएफ (डीएसएलआरच्या) प्रकारातील एक्स्टेंडर, म्हणजे कॅननचे कन्व्हर्टर, तर फोकसच्या मोटरचा वेग मुद्दाम कमी करतात, १.४ पटीसह निम्म्याने आणि दुपटीसह तीन चतुर्थांशाने, जेणेकरून अचूकता टिकून राहावी. डीएसएलआर वापरणाऱ्याने आणखी एक गोष्ट करावी: लेन्ससाठी केलेली फोकसची बारीक जुळणी कन्व्हर्टर लावल्यावर लागू पडेलच असे नाही, म्हणून कन्व्हर्टरसह ती स्वतंत्रपणे तपासून जतन करावी.

कोणता कन्व्हर्टर कोणत्या लेन्सवर बसतो

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण सर्वांत महाग चूक इथेच होऊ शकते. कंपन्यांच्या अनेक कन्व्हर्टरचे पुढचे भिंग बाहेर आलेले असते आणि ते लेन्सच्या मागच्या पोकळीत शिरते. ज्या लेन्सचे मागचे भिंग माउंटच्या, म्हणजे बॉडीला जोडणाऱ्या कड्याच्या, अगदी जवळ असते, तिच्यावर असा कन्व्हर्टर जबरदस्तीने बसवला तर काचेवर काच आदळते. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावरील सुसंगत लेन्सची यादी पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. सारख्या दिसणाऱ्या लेन्समध्येही फरक असतो. कॅननची पहिली आरएफ (मिररलेससाठीची) ७०-२०० एफ/२.८ लेन्स आरएफ एक्स्टेंडर स्वीकारत नाही, तर तिची नंतरची ‘झेड’ आवृत्ती स्वीकारते. आरएफ १००-५०० लेन्सवर एक्स्टेंडर बसतो, पण झूम ३०० ते ५०० मिलिमीटरच्या पट्ट्यातच फिरते आणि लेन्स पूर्ण मिटवता येत नाही. ही गोष्ट पिशवीची निवड करतानाही ध्यानात ठेवावी लागते. निकॉनच्या झेड माउंटमध्ये १००-४००, १८०-६००, ४०० एफ/४.५ आणि ६०० एफ/६.३ या लेन्सवर कंपनीचे दोन्ही कन्व्हर्टर चालतात. सोनीचे कन्व्हर्टर त्यांच्या १००-४०० जीएम, २००-६०० जी आणि ७०-२०० जीएम लेन्सवर चालतात, परंतु सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या ई-माउंटच्या १५०-६०० किंवा १५०-५०० सारख्या लेन्सवर ते बसत नाहीत. सोनी बॉडीबरोबर स्वस्त म्हणून तृतीय पक्षाची लेन्स घेताना पुढे कधीतरी कन्व्हर्टर लावू, असा विचार मनात असेल, तर तो आत्ताच सोडून द्यावा. डीएसएलआर माउंटच्या सिग्मा १५०-६००साठी सिग्माचा टीसी-१४०१ आणि टॅमरॉन १५०-६०० जी२साठी टॅमरॉनचा टीसी-एक्स१४ असे त्या-त्या कंपनीचे जोडीदार उपलब्ध आहेत. केंकोसारख्या कंपनीच्या कन्व्हर्टरचे पुढचे भिंग बाहेर येत नाही, त्यामुळे ते अधिक लेन्सवर बसतात, पण बसणे आणि चांगले चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या हवेचा प्रश्न

सोलापूरच्या छायाचित्रकाराने कन्व्हर्टरविषयीचे परदेशी अभिप्राय वाचताना एक गोष्ट कायम स्मरणात ठेवावी, ती म्हणजे इथले ऊन. सूर्य वर आला की मुरमाड माळ आणि नांगरलेली काळी जमीन लवकर तापते, जमिनीलगतची हवा थरथरू लागते आणि दूरचा विषय पाण्याखाली असल्यासारखा हलतो. ही थरथर लेन्स किंवा बॉडीच्या दोषामुळे येत नाही, त्यामुळे कोणत्याही महागड्या साहित्याने ती जात नाही. उलट अंतर आणि फोकल लांबी वाढेल तशी ती अधिक ठळकपणे नोंदली जाते. मार्च ते मे या काळात ऊन चढल्यावर १०० मीटरवरच्या काळविटाचे ८०० मिलिमीटरने काढलेले छायाचित्र नुसत्या ४०० मिलिमीटरने काढून कापलेल्या छायाचित्रापेक्षा सरस येत नाही, हे मी वारंवार पडताळून पाहिले आहे. कन्व्हर्टर वापरायचा तो पहाटेच्या पहिल्या प्रहरात, पाऊस पडून गेलेल्या थंड दिवशी, किंवा डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी. गाडीतून छायाचित्रे घेत असाल तर वातानुकूलन बंद करून सर्व काचा आधीच खाली कराव्यात, कारण आतल्या गार आणि बाहेरच्या उष्ण हवेची सरमिसळ खिडकीतच तीच थरथर निर्माण करते. बॉनेटवरून उठणारी उष्ण हवाही टाळावी.

प्रकाशाचाही विचार करावा लागतो. ४०० मिलिमीटर एफ/५.६वर शटर १/१६०० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ४०० असा सकाळचा हिशेब जुळत असेल, तर त्याच शटरसाठी १.४ पटीला आयएसओ ८०० आणि दुपटीला १६०० लागेल. शटर कमी करून आयएसओ वाचवण्याचा मोह होतो, पण लांबी वाढल्यावर हाताचा कंपही तेवढाच मोठा होतो, म्हणून शटर उलट वाढवावे लागते. माळावरचा वारा लक्षात घेता गाडीच्या खिडकीवर ठेवलेली वाळूची किंवा धान्याची पिशवी हलक्या ट्रायपॉडपेक्षा अधिक भरवशाची ठरते. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत दिवसा दूरवरून येणारे नंदीध्वज टिपण्यासाठी ७०-२०० एफ/२.८वर १.४ पटीचा कन्व्हर्टर चांगला उपयोगी पडतो. मात्र सूर्य मावळला की तो काढून ठेवावा आणि एफ/२.८ परत मिळवावे.

दुपटीच्या कन्व्हर्टरला न्याय देणारा एक विषय आहे, तो म्हणजे चंद्र. तो तेजस्वी असतो आणि ट्रायपॉड पक्का असला की फोकस सावकाश हाताने लावता येतो. ८०० मिलिमीटरवर सेन्सरवर चंद्राची प्रतिमा सुमारे ७ मिलिमीटर व्यासाची येते, म्हणजे एपीएस-सी सेन्सरच्या उंचीच्या जवळपास निम्मी.

विकत घेण्यापूर्वी स्वतः चाचणी कशी घ्यावी

दुकानात कन्व्हर्टर लावून समोरच्या भिंतीचे एक छायाचित्र काढल्याने काहीही कळत नाही. शक्य असल्यास पुण्या-मुंबईकडून दोन दिवसांसाठी भाड्याने आणावा किंवा मित्राकडून घ्यावा. त्यानंतर माझी पद्धत अशी आहे: गच्चीवर किंवा अंगणात एक सोलापुरी चादर ताणून टांगावी आणि वीस मीटरवरून, ऊन चढण्यापूर्वी, तिची छायाचित्रे घ्यावीत. जकार्डच्या विणकामातील बारीक उभे-आडवे धागे आणि नक्षीच्या काठावरील रंगबदल यांमुळे तीक्ष्णता, कॉन्ट्रास्ट आणि रंगाची झाक या तिन्ही गोष्टी एका वस्तूवर तपासता येतात. छापील चाचणी-तक्त्यापेक्षा मला ती अधिक बोलकी वाटते. कॅमेरा ट्रायपॉडवर असावा, कंप-नियंत्रण बंद असावे, शटर टायमरने किंवा रिमोटने सोडावे. प्रत्येक जोडणीची उघड्या अपर्चरवर आणि एक स्टॉप बंद करून पाच-पाच छायाचित्रे घ्यावीत, दरवेळी फोकस नव्याने लावावा, आणि पाचांतील सर्वोत्तम निवडावे. मग कन्व्हर्टरशिवाय घेतलेले छायाचित्र संगणकावर १.४ पट मोठे करून कन्व्हर्टरच्या छायाचित्राशेजारी ठेवावे. धागे वेगवेगळे मोजता येत असतील तर कन्व्हर्टर कामाचा आहे. दोन्हींत सांगण्याजोगा फरक नसेल, तर त्या लेन्ससाठी तो घेऊ नये, मग तो कितीही नावाजलेला असो.

या चाचणीत अपर्चर खूप बंद केल्यावर छायाचित्र पुन्हा मऊ पडताना दिसेल. ते विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, होते: एफ/११ला प्रकाशाच्या एका बिंदूची जागा सुमारे १५ मायक्रॉनचा ठिपका घेतो, आणि २४ मेगापिक्सेल एपीएस-सी सेन्सरचा पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा असतो. म्हणून मुळात एफ/११वर पोहोचलेल्या जोडणीला अपर्चर आणखी बंद करून सुधारण्याची वाव उरत नाही.

जुना कन्व्हर्टर घेत असाल तर मोबाइलचा दिवा मागच्या बाजूने लावून भिंगांत बुरशीचे जाळे आहे का ते पाहावे, दोन्ही बाजूंचे संपर्कबिंदू स्वच्छ असावेत, आणि लेन्स व बॉडी यांमध्ये बसवल्यावर कुठेही डगडग जाणवू नये. एकावर एक दोन कन्व्हर्टर लावण्याचा प्रयोग करू नये.

शेवटी वापराविषयी. कॅमेरा बंद करून कन्व्हर्टर प्रथम लेन्सला लावावा आणि मग ती जोडणी बॉडीला बसवावी. नान्नजच्या रस्त्यावर समोरून गाडी गेली की बारीक धूळ बराच वेळ तरंगत राहते. तिथे उघड्यावर जोडणी बदलल्यास ती धूळ सेन्सरसह तीन काचांवर बसते. त्या दिवशी कन्व्हर्टर लावायचा की नाही, हे घरून निघण्यापूर्वीच ठरवावे, आणि माळावर बदलणे भागच पडले तर काचा बंद केलेल्या गाडीत, बॉडीचे तोंड खाली धरून तो बदलावा.